अमोघपूरची फेरमोजणी

मधुसूदनराव पोतनीसांचं राज्य गेलं ते एका रविवारी सकाळी, पोहे खाता खाता. आणि घेतलं कोणी, तर त्यांच्या पोटच्या मुलीनं.

"बाबा, यंदा अमोघपूर रीबूट करू या," वेदिका म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळत राहिली.

रीबूट हा शब्द मधुसूदनरावांना ठाऊक होता. भूमी अभिलेखच्या नोकरीत शेवटची पाच वर्षं त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर येऊन बसला होता. तो दिवसातून चारदा रीबूट करावा लागे आणि केल्यावर दरवेळी काहीतरी गायब झालेलं असे. त्यामुळे त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे नेमकं करायचं काय?"

"सगळं पुसायचं. राजा, राक्षस, शाप, उःशाप, सगळं. नाव तेच ठेवायचं, गोष्ट पहिल्यापासून नवी."

"चोवीस भाग पुसायचे?"

"चोवीस भाग."

"आधी पोहे संपवा," वेदिकेच्या आई, चारुशीलाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "राज्य गार झालं तरी चालतं."

आता हे अमोघपूर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सोनबर्डी लेआउट या वसाहतीत बावीस प्लॉट आहेत आणि दर नवरात्रात तिथे शारदोत्सव होतो. १९९९ साली मंडळाला नाटक हवं होतं. बाहेरून नाटक आणायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तेव्हा सदतीस वर्षांच्या मधुसूदनरावांनी रात्रंदिवस खपून 'अमोघपूर' नावाचं एक मायावी राज्य उभं केलं. राजा प्रतापकेतू, राक्षस घोरमुख, राजकन्या चंद्रलेखा, आणि राजवाड्याचे सात दरवाजे, त्यांतला सातवा कायमचा बंद. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी दुसरा भाग झाला, मग तिसरा. करोनाची दोन वर्षं सोडली तर एकदाही खंड पडला नाही. त्या दोन वर्षांचं मधुसूदनरावांनी पुढे अमोघपुरावर पडलेलं खग्रास ग्रहण करून टाकलं.

पण लेखक झाला तरी माणूस शेवटी भूमी अभिलेखचा. पहिल्याच वर्षी भूमिकांवरून भांडणं झाली, तेव्हा त्यांनी आपल्या परीनं कायमचा तोडगा काढला. भूमिका माणसाला द्यायची नाही, प्लॉटला द्यायची. प्लॉट तीन म्हणजे राजा. प्लॉट सात म्हणजे राक्षस. जो त्या प्लॉटवर राहील त्यानं ती भूमिका करायची, आणि घर विकलं तर भूमिका घरासोबत जाणार. तशी नोंद त्यांनी एका जाड वहीत घेतली, आणि दरवर्षी काही बदल झाला की तीत रीतसर फेरफार चढवत गेले.

सुरुवातीची दहा-बारा वर्षं हे सुरळीत चाललं. नंतर प्लॉट तीन बिल्डरनं घेतला आणि तिथे सहा फ्लॅट झाले. राजपदाचे सहा वारस आले. कोणीही हक्क सोडायला तयार होईना, तेव्हा एकविसाव्या भागापासून अमोघपुरावर सहा राजे एकाच सिंहासनावरून अविभक्त हिश्शानं राज्य करू लागले. प्लॉट अकरा कायम भाड्यानं जायचा, म्हणून राजगुरू दर दीड-दोन वर्षांनी परकायाप्रवेश करायचे. सध्या ते विक्की नावाच्या, शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका गोडाऊनवर सुपरवायझर असलेल्या मुलाच्या शरीरात होते. प्लॉट सातच्या भैय्याजींचे दोन्ही गुडघे बदलून झाल्यामुळे राक्षस घोरमुख प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गर्जना करायचा.

हे सगळं नव्या प्रेक्षकाला कळावं म्हणून नाटकाआधी 'पूर्वकथा' वाचली जाई. गेल्या वर्षी पूर्वकथा बावन्न मिनिटं चालली आणि नवा भाग आठ मिनिटं. शेवटपर्यंत बसलेले प्रेक्षक अकरा. त्यांतले दोघे बिछायतवाल्याकडचे होते आणि खुर्च्या उचलायची वाट बघत होते.

"आणि बाबा," वेदिका म्हणाली, "मी दीड वर्षाची होते तेव्हापासून राजकन्या आहे. चोवीस भागांत मला अकरा वेळा पळवून नेलं. दहावीच्या वर्षी पण नेलं! सत्तावीस वर्षांची झाले मी. आता ऑफिसातून रजा काढून पळवून घ्यावं लागतं."

मधुसूदनराव उठून फिरायला गेले.

बाहेर सल्ला द्यायला भैय्याजी फाटकापाशीच उभे होते. या लेआउटात बातमी पोह्यांच्या आधी पोचते.

"मले वाटते, तुमी ताणून धरा," भैय्याजी म्हणाले. "आज राज्य मागून राहिली, उद्या काही बी मागन. पण एक सांगू का पोतनीस, नवीन केलं तं राक्षसाले जरा चालाफिरायचं काम कमी ठेवा."

"राक्षस बसूनच असतो, भैय्याजी."

"तेच म्हणतो मी. उठणं बसणं बी नको."

मंगळवारी सभा झाली. शोभाताई निखाडे मंडळाच्या अध्यक्ष. वेदिकेनं मोबाइलवरून भिंतीवर चित्रं दाखवत सांगितलं की कुठलीही मोठी कल्पनारम्य गोष्ट पंचवीस वर्षं ताणली की तिच्यात गाठी पडतात, नवा माणूस आत शिरू शकत नाही, आणि जुना माणूसही फक्त सवयीनं येतो. अधूनमधून गोष्ट धुऊन नव्यानं वाळत घातली पाहिजे. भूमिकासुद्धा प्लॉटप्रमाणे नको, चाचणी घेऊन द्याव्यात. टाळ्या पडल्या. मधुसूदनरावांनी मोजून पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्यांत चारुशीलाबाईही होत्या.

मग ते उठले. त्यांच्या हातात मंडळाची घटना होती, जी त्यांनीच १९९९ मध्ये लिहिली होती.

"कलम नऊ," ते म्हणाले. "अमोघपूरच्या कथेत मूलभूत बदल करावयाचा झाल्यास सर्व बावीस प्लॉटधारकांची लेखी संमती आवश्यक राहील. एकाचीही हरकत असल्यास बदल अमान्य समजण्यात येईल."

बावीस घरांचं एकमत या लेआउटात पाण्याच्या टाकीवरसुद्धा झालेलं नव्हतं. मधुसूदनराव त्या दिवशी ताठ मानेनं घरी आले आणि दोन पोळ्या जास्त जेवले.

पण मुलगी त्यांचीच होती. तिनं संमतिपत्राचा नमुना छापून आणला आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दारोदार फिरू लागली. आठवड्यात चौदा सह्या झाल्या; प्लॉट तीनच्या सहाही राजांची मिळून एकच धरली. भैय्याजींनी गुडघ्यांना स्मरून पहिल्याच दिवशी सही केली होती, आणि वर मधुसूदनरावांना रोज 'ताणून धरा' सांगणं चालू ठेवलं होतं. प्लॉट सोळाच्या मालकीणबाई रामटेकला राहायला गेल्या होत्या. वेदिका रविवारी स्कूटीनं रामटेकला गेली आणि सही घेऊन आली, शिवाय बाईंनी घरच्या तांदळाची पिशवी दिली. तो तांदूळ मधुसूदनरावांनी निषेध म्हणून दोन दिवस खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी वास फार चांगला आला. प्लॉट अकराचे घरमालक हैदराबादला, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर होकार कळवला. व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे लेखी संमती नव्हे, अशी हरकत मधुसूदनरावांनी घेतली. चार दिवसांनी कुरिअरनं कागद आला. स्वतःच्या घराची हरकत त्यांना घेता येत नव्हती, कारण प्लॉट चारुशीलाबाईंच्या नावावर होता आणि त्यांची सही केव्हाच झाली होती.

तेव्हा त्यांनी शेवटचा मार्ग धरला. ते आपल्या जुन्या ऑफिसात गेले आणि एक अर्ज दिला: मौजे अमोघपूर येथील भूमिकांच्या नोंदी प्लॉटनिहाय असून त्या चाचणीद्वारे वर्ग करता येतात काय, याबाबत मार्गदर्शन व्हावे. खिडकीतली मुलगी नवी होती. साहेब रिटायर झालेले, वयानं मोठे, म्हणून तिनं आदरानं कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं.

"सर, अमोघपूर कोणत्या तालुक्यात? कामठी की पारशिवनी?"

"ते जरा पलीकडे आहे," मधुसूदनराव म्हणाले.

तिनं अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. बरोबर बारा दिवसांनी उत्तर आलं, आणि तेवढ्या तत्परतेनं त्यांनी स्वतः कधी कोणाला उत्तर दिलं नव्हतं. 'सदर नावाचे गाव या जिल्ह्याच्या अभिलेखात आढळून येत नाही.' मधुसूदनरावांनी ती ओळ तीनदा वाचली. अमोघपूर खरं नाही हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते असं कागदावर, जावक क्रमांकासकट पाहिल्यावर छातीत कळ आली. वेदिकेनं त्या पत्राचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. मात्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला नाही, एवढी माया तिनं राखली.

आता एकच सही उरली होती. प्लॉट बावीस, रामाजी निखाडे.

रामाजी या लेआउटात सगळ्यांत शेवटी आले. वाडीला त्यांचं हार्डवेअरचं गोडाऊन. कडी-कोयंडे, बिजागऱ्या, कुलपं, खिळे, सगळा घाऊक धंदा, मोठा माणूस. पण ते आले तेव्हा पहिल्या भागातल्या बोलक्या भूमिका संपल्या होत्या. उरलेला होता सातव्या दरवाजाचा द्वारपाल. भाला धरून बंद दरवाजासमोर उभं राहायचं, बोलायचं काही नाही. "पुढच्या वर्षी तुम्हाला एक वाक्य देऊ, रामाजी," असं मधुसूदनराव तेव्हा म्हणाले होते. पुढच्या वर्षीही म्हणाले. चोवीस भाग रामाजी एक शब्दही न बोलता उभे राहिले. दुकानात दिवसभर बोलून बोलून घसा बसणारा माणूस, पण अमोघपुरात त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी ते स्वतःच कोरं संमतिपत्र घेऊन पोतनीसांकडे आले.

"भाऊ, साऱ्याईच्या सह्या झाल्या. माही राहिली," ते खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. "आमची अध्यक्षीणबाई म्हणते, करून टाका. पण म्या म्हटलं, पहिले भाऊले विचारतो. तुमी म्हणसान तं करतो, नाही म्हणसान तं फाडून टाकतो."

मधुसूदनरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चहा सांगितला. राज्य वाचलं होतं.

"फक्त एक गोष्ट सांगा मले," रामाजी म्हणाले. "त्या दरवाज्याच्या मांगं काय हाय?"

"अं?"

"सातव्या दरवाज्याच्या मांगं. चोवीस वर्षं झाले उभा राहून राहिलो. मी कोणाले नाही सांगत. शोभालेबी नाही."

मधुसूदनराव खाकरले. "रामाजी, कथेचं एक शास्त्र असतं. पंचविसाव्या भागात कळेल."

"पंचविसाव्यात? म्हणजे यंदाच?" रामाजींचा चेहरा फुलला. "मंग मी थांबतो न भाऊ. सही नाही करत." चहा पिऊन ते खुशीत निघून गेले.

दरवाजामागे काय आहे हे मधुसूदनरावांना माहीत नव्हतं.

त्यांनी कपाटातून सगळ्या वह्या काढल्या. कुठेतरी लिहून ठेवलेलं असणारच. चौथ्या भागात सापडलं, दरवाजामागे खजिना होता. सातव्या भागात तिथे राजाचा थोरला भाऊ कैदेत होता. नवव्यात चक्क समुद्र होता, कारण त्या वर्षी मंडळी कोकणात सहलीला जाऊन आली होती. बाराव्यात सातव्या दरवाजामागे आठवा दरवाजा होता. मधुसूदनराव पानं उलटत गेले, आणि पंधराव्या भागाच्या शेवटच्या पानावर थांबले. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'घोरमुख सातवा दरवाजा जाळून भस्म करतो. फटाके भैय्याजींनी आणावेत.'

सोळाव्या भागाच्या पहिल्या पानावर, त्याच अक्षरात: 'सातव्या दरवाजापाशी रामाजी, भाला घेऊन.' सतराव्यातही तेच. अठराव्यातही. चोविसाव्यापर्यंत.

नऊ वर्षं त्या माणसाला त्यांनी नसलेल्या दरवाजासमोर उभं केलं होतं. मधुसूदनरावांना लाज वाटली. नोकरीत एकदा त्यांच्या हातून एका विधवेचा प्लॉट दुसऱ्याच्या नावावर चढला होता, तेव्हा वाटली होती तशीच. ती चूक त्यांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली होती. ही कशी करणार?

जेवणही न करता ते प्लॉट बावीसला गेले. शोभाताईंनी दार उघडलं. आत रामाजी आरशासमोर उभे होते आणि हातात केरसुणी भाल्यासारखी धरलेली होती. मधुसूदनरावांना पाहून त्यांनी ती घाईनं दाराआड टाकली.

"रामाजी, पंधराव्या भागात तो दरवाजा..."

"जळला," रामाजी म्हणाले. "माहीत हाय न मले. भैय्याजीच्या फटाक्यानं माही मिशी जळली होती."

"मग पुढची नऊ वर्षं तुम्ही काहून उभे राहिले?"

"तुमच्या वहीत लिहून होतं न. म्या म्हटलं, भाऊच्या मनात काही असन."

"मी तं दरसाली म्हणो यायले, विचारा तरी एक खेप," शोभाताई म्हणाल्या. "तं म्हणे, लिहिणाऱ्याले मधात नाही टोकावं."

मधुसूदनराव खाली बसले. मग त्यांनी ते सांगून टाकलं. लिहायला बसलो तेव्हा सुचलं नव्हतं, नंतर दरवेळी वेगळं सुचलं, आता काहीच सुचत नाही. मागे काय आहे ते मलाच ठाऊक नाही.

रामाजींनी दाराआडची केरसुणी उचलून कोपऱ्यात उभी केली. नऊ वर्षं दरवाजा नाही हे त्यांना चाललं होतं, पण मागे काही नाही हे पचायला वेळ लागत होता.

"म्हणजे भाऊ," शेवटी ते म्हणाले, "आपून दोघं बी बाहेरच उभे होतो."

"सही करून टाका, रामाजी. मीच सांगतो."

रामाजींनी खिशातून पेन काढलं, पण टेकवलं नाही. "एका अटीवर. दरवाजा मी देतो. आपल्या गोडाऊनचा. कपड्याचा नाही, खरा."

बावीस सह्या पूर्ण झाल्या. कलम नऊ पार पडलं आणि अमोघपूर पुसलं गेलं. मधुसूदनरावांनी वहीत शेवटचा फेरफार चढवला: 'सर्व नोंदी कमी केल्या.' त्याखाली सही केली. चारुशीलाबाईंनी रामटेकच्या तांदळाची खिचडी केली, वर तूप वाढलं.

चाचणी पुढच्या रविवारी होती. परीक्षक म्हणून वेदिका, शोभाताई आणि विक्की. मधुसूदनरावांनी आदल्या दिवशी दाढी-कटिंग करून घेतली. ज्यानं राज्य उभं केलं त्यानं निदान एकदा गादीवर बसावं, यात गैर काय होतं? शिवाय प्रतापकेतूची भाषणं त्यांना पाठ होती, ती त्यांनीच लिहिलेली. ते मंचावर गेले, छाती पुढे काढली आणि बोलू लागले.

तिघंही पुढे झुकली. "बाबा, मोठ्यानं."

मधुसूदनराव मोठ्यानं बोलले. विक्की खुर्ची घेऊन आणखी पुढे आला. "अंकल, थोडा और. आवाज नाही येऊन राहिला."

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. चोवीस वर्षं ते विंगेत उभं राहून सगळ्यांना वाक्यं सांगत आले होते. नाटकाचं म्हणून जे काही बोलायचं ते त्यांच्या तोंडून कुजबुजीतच निघत होतं. घरात भाजीवरून त्यांचा आवाज तीन प्लॉट ओलांडून जाई, पण प्रतापकेतूचं वाक्य म्हटलं की पुन्हा विंगेतला सूर.

संध्याकाळी फाटकावर यादी लागली. राजा, प्लॉट नऊची शाळामास्तरीण. राक्षस, विक्की. भैय्याजी आकाशवाणी, म्हणजे आतून बसून बोलायचं, ते भयंकर खूश. राजकन्येची भूमिकाच नव्हती. पहिला द्वारपाल, रामाजी निखाडे. दुसरा द्वारपाल, मधुसूदन पोतनीस. संवाद: नाही.

"चालेल ना, बाबा?" वेदिकेनं विचारलं.

"मला काय," मधुसूदनराव म्हणाले. "भाला हलका द्या म्हणजे झालं."

नवरात्रात, पाचव्या माळेच्या संध्याकाळी सात वाजता, सोनबर्डी लेआउटच्या मोकळ्या मैदानात दोनशे खुर्च्या भरल्या होत्या. रीबूट म्हणजे काय ते बघायला शेजारचे दोन लेआउट आले होते. मंचाच्या मधोमध रामाजींचा दरवाजा उभा होता. अस्सल सागवान, पितळी कड्या आणि सात लिव्हरचं कुलूप. गोष्ट त्याच दरवाजातून सुरू व्हायची होती. रामाजींनी आपलं वाक्य म्हणायचं, कुलूप उघडायचं, आणि आतून सगळं नवं अमोघपूर बाहेर यायचं. सगळी पात्रं दरवाजामागे दाटीवाटीनं उभी होती, आणि बिछायतवाल्यानं वाऱ्यासाठी कनात अशी आवळून बांधली होती की दुसरीकडून कोणाला वाट नव्हती.

पडदा वर गेला. रामाजींनी भाला आपटला. चोवीस भागांनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज अमोघपुरात उमटला.

"या! अमोघपुरात तुमचं स्वागत आहे!"

टाळ्या पडल्या. रामाजींनी कमरेला हात घातला. मग दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी मधुसूदनरावांकडे पाहिलं.

दुपारी लेआउटची पोरं दरवाजा उघडझाप करत होती म्हणून रामाजींनी कुलूप घातलं होतं. मग गोडाऊनवर ट्रक आला म्हणून ते वाडीला जाऊन आले होते. किल्ल्यांचा जुडगा तिथल्या टेबलावर राहिला होता.

"या! अमोघपुरात तुमचं स्वागत आहे!" रामाजी पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी प्रेक्षकही सोबत म्हणाले.

"बाबा, काय झालं?" दरवाजाआडून वेदिका.

"किल्ली वाडीला," मधुसूदनराव कुजबुजले. कुजबुज मात्र त्यांची पक्की होती, बरोबर आत पोचली. एक मिनिटानं कनातीची एक दोरी सैल झाली, तिच्याखालून राक्षस सरपटत बाहेर निघाला आणि शिंगांसकट मोटरसायकलवर बसून वाडीच्या दिशेनं गेला. यायला-जायला पंचवीस मिनिटं तरी.

रामाजींनी दोनशे माणसांकडे पाहिलं. मग भाला दरवाजाला टेकवून ठेवला आणि ते दोन पावलं पुढे आले.

"दरवाजा उघडते," ते म्हणाले. "जरा टाइम हाय. तवरिक मी तुमाले सांगतो, पहिले इथं काय काय झालं. म्या सारं पाह्यलं हाय. मी इथंच होतो."

आणि त्यांनी सांगायला घेतलं. सहा राजे एका सिंहासनावर बसले तेव्हा कोणाचा पाय कोणता हे कोणालेच समजे ना, आणि टाळी पडली की सहाजण उठत अन् पाचजण बसत. राजगुरू दर दीड वर्षानं शरीर बदलत, पण पहिल्या राजगुरूची चप्पल अजून प्लॉट अकराच्या दारात होती. ग्रहणाच्या दोन वर्षांत अमोघपुरात सारे आपापल्या घरी होते, अन् रोज संध्याकाळी भाऊ एकटेच या मैदानात येऊन उभे राहत, ते रामाजींनी गच्चीवरून पाह्यलं होतं. लोक हसत होते, मधूनच गप्प होत होते, पुन्हा हसत होते. बावन्न मिनिटांच्या पूर्वकथेतलीच ही गोष्ट होती. तीच मधुसूदनराव चोवीस वर्षं सांगत आले होते आणि एवढ्या माणसांनी ती कधी ऐकली नव्हती.

"राजकन्या अकरा खेपा पळवली," रामाजी म्हणाले. "पाचव्या खेपेले तिले ताप होता. राक्षसानं उचलली, तं त्याच्याच खांद्यावर झोपून गेली. मंग राक्षसानं गर्जना केलीच नाही. पोरगी उठन म्हणून. साऱ्या नाटकभर तो हळूहळू बोलला."

दरवाजाआड कोणीतरी नाक ओढलं. वेदिकेला हे माहीत नव्हतं. भैय्याजींनी मात्र आतून आकाशवाणीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "खरं हाय!"

"अन् साऱ्यात जास्त मले लोकं हे विचारत," रामाजी म्हणाले, "का या दरवाज्याच्या मांगं काय हाय? मी म्हणो, लिहिणाऱ्याले माहीत असन. तं परवा समजलं, त्यालेबी नाही माहीत!"

दोनशे माणसं हसली. सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या द्वारपालाकडे वळल्या. मधुसूदनरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपला असा चारचौघांत पाणउतारा झाला की ते एरवी उठून फिरायला जात, पण इथे हातात भाला होता आणि जागा सोडायची नव्हती. मग त्यांनाच हसू फुटलं. ते आवरेना. भाला हलू लागला, खोटी दाढी एका कानावरून सुटली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या चारुशीलाबाई पदर तोंडाला लावून त्यांच्याहून जास्त हसत होत्या.

राक्षस किल्ली घेऊन आला. सात लिव्हरचं कुलूप उघडलं, दरवाजा करकरला, आणि मागे घामानं निथळलेली, एकमेकांच्या पायावर उभी असलेली निम्मी सोनबर्डी दिसली. टाळ्या थांबेनात.

नवं अमोघपूर पन्नास मिनिटं चाललं. ते चांगलं होतं. मधुसूदनरावांनी तसं कबूल केलं, स्वतःशीच, पण केलं. त्यात सहा राजांची गंमत नव्हती. पण तशी ती त्यांच्या पहिल्या भागातही नव्हती. पडदा पडल्यावर खुर्च्या उचलायला आलेली बिछायतवाल्याची माणसं थोडा वेळ तशीच उभी होती.

वेदिका धावत मंचावर आली. डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं.

"बाबा, तुमच्या जुन्या वह्या मला द्याल? सगळ्या. पुढच्या भागात रामाजीकाका हे सगळं सांगणार. नव्या अमोघपुरात कोणालाच काही आठवत नाही, फक्त द्वारपालाला आठवतं. कसं वाटतं?"

"वह्या घेऊन जा," मधुसूदनराव म्हणाले. ते भाल्याच्या टोकाकडे बघत राहिले. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि हा दुसरा द्वारपाल? त्याचं काही पुढे?"

वेदिकेनं त्यांच्या सुटलेल्या दाढीची दोरी पुन्हा कानाला अडकवली.

"पुढच्या वर्षी तुम्हाला एक वाक्य देऊ, बाबा. नक्की."

रामाजी शेजारीच उभे होते. त्यांनी मधुसूदनरावांच्या हातातला भाला काढून घेतला आणि दुसऱ्या हातात नीट धरवला.

"डाव्या हातात धरत जा भाऊ," ते म्हणाले, "अन् वजन दोनी पायावर. बरीच वर्षं काढाची हायेत."